वाटाड्या पूर्वेकडून आला

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. इथले तुम्हा लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो आणि निम्म्यांना हसतो, राग मानू नका. जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढली. जालना जिल्ह्यात परतूर म्हणा, अंबड म्हणा, भोकरदन म्हणा, कुठल्या तालुक्यात बांधावर साखळी टाकली नाही असं झालं नाही. एकदा धावड्याला लोक म्हणाले, "साहेब, त्या चिंचेखाली जाऊ नका, तिथं कायतरी हाय." मी मुद्दाम त्याच चिंचेखाली टेबल मांडलं आणि डबाही तिथंच खाल्ला. ढेकर तेवढा आला, बाकी काही आलं नाही.

पण २००५ च्या उन्हाळ्यात, परतूरच्या स्टेशन रोडवरच्या एका नेट कॅफेत, भर दुपारी जे झालं... ते लिहितो. हसायचं तर हसा.

महेश माझा एकुलता एक. बावीस वर्षांचा. बी.ए. झालेला. माझी इच्छा एवढीच की त्यानं भूकरमापकाची परीक्षा द्यावी आणि माझ्याच खात्यात लागावं. आणि हा दिवसभर इम्रानच्या कॅफेत! इम्रान म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कॅफे त्याचाच. दोघं मिळून एक गेम खेळायचे. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसतं लिखाण. परदेशात कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ती एक दुनिया चाललेली — जादूगार, बुटक्यांच्या खाणी, राक्षसांचे डोंगर. तुम्ही 'उत्तर' लिहिलं की उत्तरेकडच्या जागेचं वर्णन यायचं. जुन्या खेळाडूंना स्वतःचे मुलूख वसवायची मुभा होती. महेशचं काम म्हणजे अनोळखी मुलूख शोधायचे आणि रस्ते टाकून एकमेकांना जोडायचे. तिथं त्याचं नाव होतं वाटाड्या.

एका रविवारी घरी आलो तर हा फरशीवर मोठी ड्रॉईंग शीट पसरून बसलेला. त्या दुनियेचा नकाशा. आता नकाशा म्हटला की माझे गुडघे आपोआप वाकतात. रागात होतो तरी बसलो. आणि काय सांगू, हात सुंदर होता पोराचा. बोटानं एकेक रस्ता तपासत गेलो आणि एका जागी चूक सापडली.

"हा रस्ता इकडून पश्चिमेला गेला. तिकडून परत कुठाय? हद्द मिळत न्हाई लेका. खोटा हाय तुझा नकाशा."

तो हसला. "अप्पा, इथं जाणारी वाट वेगळी आन् येणारी वेगळी. तिकडून येणारी ज्याची जागा त्यानंच टाकायची असती. ती जागा तुमची हाय. अप्पांचं शिवार. तुमच्या नावानं खातं काढलंय मी. दहा मिनिटं कॅफेत चला फक्त."

दहा मिनिटं मागत होता. मला काय झालं कुणास ठाऊक. बहुतेक पोरगं बापालाही त्या खोट्या दुनियेत ओढतंय याचा अपमान वाटला. "खऱ्या जमिनीवर पाय टेकायची अक्कल न्हाई आन् हवेतली शिवारं मोजून राह्यला!" असं म्हणालो आणि शीट उचलून टर्रकन फाडली. ज्या माणसानं जन्मभर नकाशाला वाकडी घडी पडू दिली नाही, त्यानं पोराचा नकाशा फाडला.

महेशनं दोन्ही तुकडे गोळा केले आणि उठला.

नऊ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो बोलायचा, मी पेपर वाचायचो. दहाव्या दिवशी तो मोटरसायकलवर जालन्याला गेल्ता, येताना वाटूरच्या अलीकडं ट्रकनं उडवलं. जागच्या जागी. त्याच्या बॅगेत भूकरमापकाच्या परीक्षेचा फॉर्म भरल्याची पोच होती. माझ्यासाठी गेल्ता तो.

चौदाव्याच्या नंतर इम्रान घरी आला. हातात महेशनं कॅफेत ठेवलेली तीच शीट, दोन्ही तुकडे सेलोटेपनं नीट जोडलेले. रेषा रेषेला बराबर मिळवलेली. मागं पेन्सिलीनं माझ्या खात्याचा पासवर्ड.

"काका, एक रस्ता बाकी ऱ्हायलाय. मी करू शकत न्हाई. तुमच्याच खात्यातून व्हतो."

मी नाही म्हणणार होतो. महेशची आई आतून बाहेर आली. तोंड धुतलेलंही नव्हतं तिनं. म्हणाली, "जा हो. पोरानं एकच गोष्ट मागितली व्हती तुम्हाला."

गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कॅफेत आम्ही दोघंच, बाकीचे पाचही कॉम्प्युटर बंद. इम्रान अक्षर सांगायचा, मी एका बोटानं हुडकून दाबायचो. आमच्या जन्मात टायपिंग कधी केलं नाही, ऑफिसात त्याला वेगळा माणूस असायचा. आणि ती अक्षरं काय क्रमानं लावलीत? ए शोधला की बी भलतीकडंच!

"जल्दी न्हाई काका, आरामात."

माझ्या शिवाराचं वर्णन पडद्यावर आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. काळी जमीन, बांधाला बाभळ, बाभळीखाली टेबल, टेबलावर कोरा कागद. पोराला माझं काम असं दिसत होतं तर. मी चष्मा काढून पुसला आणि पूर्वेकडचा रस्ता टाकला. एवढ्याशा ओळीला पाच-सात मिनिटं लागली असतील. एन्टर दाबलं. रस्ता झाला.

आणि खाली एक ओळ उमटली — वाटाड्या पूर्वेकडून आला.

इम्रान खुर्चीतून उठलाच. "या अल्ला." त्यानं घाईघाईनं हजर खेळाडूंची यादी मागवली. यादीत एकच नाव, माझं. "काका, ह्यो आत आलेलाच न्हाई... मंग दिसून कसा राह्यलाय?"

तेवढ्यात दुसरी ओळ आली. अप्पा जेवलात का.

बाहेरगावाहून फोन केला की हेच पहिलं वाक्य असायचं त्याचं. आणि मी जेवलो नव्हतो. त्या दिवसांत मला घास उतरत नव्हता.

मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती. मी चुकलो. बस, एवढंच. एम सापडला. आय सापडेना. इम्रान म्हणाला, "काका सांगा, मी टाईप करतो, जल्दी सांगा!" आणि मी, मी मूर्ख माणूस, त्याचा हात झटकला. "नको. माझं मला लिहू दे." माफी दुसऱ्याच्या हातानं कशी मागायची? सी, एच, यू... के कुठाय, के कुठाय रे... दोनदा चुकीचं अक्षर पडलं, खोडलं. वरती ओळ आली — वाटाड्या पूर्वेकडं गेला.

मी टाकलेल्या रस्त्यानंच गेला तो. तरीही मी वाक्य पुरं केलं आणि एन्टर दाबलं. गेमनं उत्तर दिलं, तुमचं बोलणं ऐकायला इथं कोणी नाही.

आम्ही लगेच त्याच्यामागं पूर्वेला गेलो. त्याची जागा रिकामी. तिथून खाणी, डोंगर, सात तळी, त्याच्या नकाशावरचा एकन् एक मुलूख पालथा घातला. शीट मांडीवर घेऊन मी दिशा सांगत होतो आणि इम्रान रडत रडत टाईप करत होता. कुठंच नाही.

सरकारी माणूस आहे, सहज सोडणार नव्हतो. पहिला संशय इम्रानवरच घेतला, पण तो माझ्या शेजारीच बसला होता, पहिली ओळ उमटली तेव्हा दोन्ही हात त्याच्या मांडीवर. महेशचा पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता, अम्मीची कसम खाऊन सांगितलं त्यानं. त्यानं तो गेम चालवणाऱ्या परदेशातल्या चालकाला मेल केला. उत्तर आलं की वाटाड्या हे खातं अपघाताच्या आदल्या संध्याकाळपासून उघडलेलंच नाही. कुणी म्हणालं मशीनचा बिघाड. असेल. बिघाड जेवलात का विचारतो? कुणी म्हणालं तुम्ही दुःखात होता, भास झाला. मग इम्रानलाही तोच भास कसा झाला? माझ्याकडं उत्तर नाही. कुणाकडं असेल तर खरंच कळवा, मी हसणार नाही.

महेशच्या आईला मी घरी येऊन सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग तुम्ही काय म्हणलात त्याला?"

पुढच्या आठवड्यात मी टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. आजूबाजूला अठरा-वीसच्या पोरी, मला विचारायच्या, "आजोबा, तुम्हाला कुठली परीक्षा द्यायचीय?" सकाळी क्लास आणि दुपारी इम्रानचा कॅफे. माझ्या शिवारात जाऊन बसायचो. वाट बघायचो. तो आला नाही. दीड वर्षानं ती दुनियाच बंद पडली, चालकानं सगळ्यांना एक निरोप पाठवला आणि मुलूख, रस्ते, सगळं गेलं.

आता बोटं कीबोर्डवर न बघता चालतात. हे सगळं मीच टाईप केलंय, एका बैठकीत. 'मी चुकलो' लिहायला मला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.