रिकाम्या कबरींपाशी

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून शाळेची पिवळी बस निघाली तेव्हा धुकं होतं. चौथीच्या मुलांचं हे शिबिर: सिएरा डोंगराच्या पायथ्याशी राहून सोनं शोधणाऱ्यांचा काळ अनुभवायचा. मदतनीस पालक म्हणून माझ्या पत्नीने, सुनंदाने, स्वतःचं नाव दिलं होतं. ती हिवाळ्यात गेली, म्हणून मी आलो. तिच्या अस्थी गराजमध्ये आहेत. घरात ठेवत नाहीत म्हणून. आमच्या मुलीला, मृणालला, ते पटलेलं नाही. नाशिकहून मेहुणे फोनवर ओरडून सांगतात, "कुणी येत असेल त्याच्याबरोबर पाठवून द्या."

नदीचं पाणी बर्फासारखं. मुलं पॅनमध्ये (पसरट थाळीत) वाळू घोळवत होती. आईने तांदूळ रोळायला शिकवले होते, तशीच मृणालची थाळी फिरत होती. जेवायला बीन्स आणि सोर्डो (आंबवलेल्या पिठाचा पाव). आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिच्या वर्गातल्या टॉमीने पळवल्या.

दुसऱ्या दिवशी गाईडने आम्हाला टेकडीवर नेलं. गवतात लांबट खड्डे होते.

"इथे चिनी कामगार पुरायचे. मग उकरून, हाडं घासूनपुसून डब्यात भरायची आणि बोटीने चीनला!"

"यक!" मुलं किंचाळली.

"आता रिकामे आहेत. झोपा आत, फोटो काढू!"

रांग लागली. बाईंनी झटपट फोटोचा कॅमेरा काढला. टॉमी खड्ड्यात हात जोडून पडला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना परके म्हणून जादा कर लावला, खाणींवरून हुसकलं, त्यांना सोबत्यांनी पदरमोड करून घरी पोचवलं. त्याची ही थट्टा! आणि तीही शाळेच्या सहलीत!

"त्याला उठवा," मी म्हणालो.

"रिलॅक्स, सर. आत कुणी नाहीये."

"होतं. त्याला न्यायला कुणीतरी आलंही होतं."

रांगेतून मृणालने गाईडला विचारलं, "डिड दे गो अलोन?"

"शुअर, हनी. लाइक फ्रेट." (मालासारखी.)

ती रांग सोडून खड्ड्याच्या काठाशी गेली. "टॉमी, गेट आउट! दॅट्स समबडीज बाबा."

टॉमी उठला, गवत झटकत. मोठ्यांपैकी कुणी सॉरी म्हटलं नाही. बाईंनी घड्याळ दाखवून पुढे चला म्हटलं. तो राग अजून गेलेला नाही.

घरी पोचलो. गराजचं दार वर गेलं तशी मृणाल पाठीवरची बॅगही न उतरवता अस्थींच्या फळीकडे गेली.

"मामाला सांग, आई कुणाबरोबर नाही पाठवायची. नॉट लाइक फ्रेट, बाबा. आपण जायचं. विमानात मी मांडीवर घेणार."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं नाशिकला जातोय. तोवर सुनंदा मृणालच्या टेबलावर आहे. घरात ठेवत नाहीत, हे मला ठाऊक आहे.