लाल अक्षरांचा कीबोर्ड

प्रताप नगरातल्या आमच्या घराची वरची खोली मी जुन्या संगणकांनी भरून टाकली आहे. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "टाकून दिलेल्या वस्तू जपतो." आता तसं म्हणवत नाही.

काटोलच्या एका काकूंनी मला त्यांच्या यजमानांचा संगणक दिला होता. यजमान शाळामास्तर. निवृत्तीनंतर हौसेनं मराठी टाइप करायला शिकले, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. "भंगारात द्याले मन होत नाही, भाऊ. तुम्ही नीट ठेवसान," काकू म्हणाल्या होत्या.

आमच्या छंदात एक खूळ आहे. यंत्र दुकानातून आलं त्या दिवशी होतं, तसं दिसलं पाहिजे. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक उजळायला आम्ही पार्लरमधलं केसांचं पेरॉक्साइड क्रीम फासून ते उन्हात ठेवतो. नागपुरात उन्हाची कमी नाही. मास्तरांच्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर लाल रंगात बारीक मराठी अक्षर काढलेलं होतं, एखादं जाड, एखादं तिरपं. मला ती घाण वाटली. स्पिरिटचा बोळा फिरवला. निघाली नाहीत ती नखानं खरवडली. मग बटणं गच्चीवर वाळत घातली. आधीचा आणि नंतरचा फोटो छंदवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खूप वाहवा झाली.

उन्हाळा सरता सरता काकू मुलीसोबत नागपूरला लग्नाला आल्या, तशा घरीही आल्या. कीबोर्डवरून बोटं फिरवली आणि थांबल्या.

"अक्षरं कुठी गेली, भाऊ? ह्यायले सापडत नव्हती म्हणून मीच नेलपॉलिशनं काढली होती."

मी म्हणालो, "माझ्याकडे आला तेव्हा कोराच होता, काकू."

इतकं सहज निघालं तोंडातून. काकू बटणांकडे बघत राहिल्या.

"आई आजकाल विसरते, दादा," मुलगी हळूच म्हणाली.

"हो, विसरून राहिली असन मी," काकू म्हणाल्या.

मी त्यांना चहा विचारला.

आधीचा फोटो माझ्या फोनमध्येच होता. त्यात सगळी अक्षरं स्पष्ट दिसतात. तो दाखवायचा तर खोटं उघडं पडणार, म्हणून दोन महिने गप्प बसलो. शेवटी एका रविवारी काटोलची बस धरली. खिशात लाल नेलपॉलिशची बाटली घेतली होती, हे सांगतानाही लाज वाटते.

ओसरीवर बसून सगळं सांगितलं. काकूंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि आत मुलीला हाक मारली, "अवं, ये इकडं! पाह्य, होती का नाही अक्षरं? मी काय म्हणत होती तुले?"

मग माझ्याकडे वळल्या. "खोटं काहून बोलले गा, भाऊ? हिनं मले डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं ना. आज वार कोणता, हे कोण, ते कोण, सारं विचारलं त्यानं."

मी बाटली काढून पुढे केली. "तुम्ही पुन्हा काढून द्याल का?"

"आता कोणासाठी काढू?" त्या म्हणाल्या. "राहू द्या. तो फोटो तेवढा पाठवा."

मी तिथल्या तिथे पाठवला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात मीच ग्रुपसाठी लिहिलेलं होतं : 'साफ करण्याआधी.' काकूंनी तेही वाचलं.