धुरजड नाव

नावेत पाय ठेवण्याआधी नाना तिच्या कडेवर दोनदा थाप मारायचे आणि जिभेनं ‘टक् टक्’ असा आवाज काढायचे. बसलेल्या बैलाला उठवताना काढतात तसा. नाव काही उठायची नाही, पण नानांचा त्यात खंड पडला नाही. मग धोतराचा काचा आवळून ते आत चढायचे आणि मला म्हणायचे, “बसा मास्तर. आज सरळ जाते, पाहा.” त्यांच्याबरोबर मी त्या नावेत वीसेक वेळा तरी बसलो असेन. ती सरळ गेली एकदाच.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी मूळचा रत्नागिरीकडचा, आणि माझी नेमणूक झाली होती थेट बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेवर. गावच्या वरच्या अंगाला नळगंगेवर नुकतंच धरण झालं होतं. नानांचं घर भाजीपाला पिकवणारं. त्यांचा नदीकाठचा मळा, मळ्यातली गोड्या पाण्याची विहीर, सगळं त्या धरणात गेलं. बदल्यात खाली कालव्यावर दुसरी जमीन मिळाली. ज्यांचं गेलं ते बाकीचे लोक चार महिने हळहळले आणि नव्या जमिनीला लागले. नाना नव्या जमिनीला लागलेच, पण त्याबरोबर त्यांनी एक नाव बनवायला घेतली.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती यामुळेच. मधल्या सुट्टीत उपरण्यात पाच-सहा वांगी बांधून ते शाळेत आले. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “मास्तर, तुमच्या तिकडं समुद्र हाये म्हनतात.”

“आहे की.”

“मंग तुमाले नाव चालवता येतच असन.”

आता खरं सांगायचं तर आमचं गाव समुद्रापासून चांगलं दिवसभराच्या चालीवर. आमच्याकडे डोंगर, भात आणि फणस. लाँचमध्ये मी आयुष्यात एकदा बसलो होतो आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत ओकत होतो. पण नव्या गावात कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून पाहत होतं, शिवाय वांगीही झकास होती. मी म्हणालो, “येते थोडीफार.” त्या एका वाक्याची शिक्षा मी पुढे दोन वर्षं भोगली.

नाव कशासाठी, ते नानांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांची बायको, आमच्या जनाकाकू, धरणात पाणी चढल्यापासून तिकडे फिरकल्याच नव्हत्या. धरणाच्या बाजूनं जायचं असलं तर पदर ओढून मान फिरवायच्या. त्यांनी तीस वर्षं त्या विहिरीचं पाणी भरलं होतं. “तिले एक डाव विहिरीवर नेऊन आनतो,” नाना म्हणाले. “पान्याच्या वरून का असेना. पाहीन तं मन मोकळं होईन तिचं. नाही तं ही अशीच कुढत राहीन.”

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्या मला ताक देता देता म्हणाल्या, “गुरुजी, एक डाव सारं बुडालं ना? आता मले कायले बुडवता?” आणि मग नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “जवा तुमची नाव सरळ जाईन, तवा पाहू.”

नाव केली गावच्या सुतारानं. त्यानं जन्मभर बैलगाड्या केल्या होत्या. मापं घेताना त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, “नाना, जू कुठं बसवू?” जू बसलं नाही, पण बाकी सगळं गाडीचंच झालं. बाभळीचं लाकूड, लोखंडी पट्ट्या, पुढं दोर बांधायला कडी, फटींना डांबर. चाकं काढलेला छकडा जसा दिसेल तशी ती दिसायची. ती उचलून धरणावर न्यायला आठ माणसं लागली आणि त्यातल्या दोघांनी पुढचे चार दिवस कंबर धरली होती.

दसऱ्याला नाव पाण्यात घातली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं यथासांग. अर्धं गाव काठावर. काकू तेवढ्या घरी होत्या. मी वल्हं हातात घेऊन पुढं बसणार, तेवढ्यात नानांनी दोन मोठे धोंडे आणून नावेच्या नाकाशी ठेवले. मी विचारलं, हे कशाला?

“मास्तर, गाडी कवाबी जराशी धुरजड पायजे. पुढं वजन असलं तं जू बैलाच्या मानेवर नीट बसते. मागं वजन झालं का गाडी उलाळ होते, अन् बैलाले फास बसते गळ्याले.”

तज्ज्ञ म्हणून माझं मत त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे. मग पुढं दोन धोंडे आणि मी, मागं किडकिडीत नाना, अशी आमची धुरजड नाव निघाली. काठापासून दहा हात गेलो असू. पुढचं नाक हळूच पाण्यात गेलं, नमस्काराला वाकावं तसं, आणि पाठोपाठ मी. कमरेएवढंच पाणी होतं म्हणून वाचलो. काठावर माझा अख्खा सातवीचा वर्ग उभा होता. त्यांच्यातलं एक पोरगं टाळ्या वाजवायला लागलं आणि मग सगळेच वाजवायला लागले. नाना कंबरभर पाण्यात उभे राहून, झेंडूचा हार हातात धरून, अतिशय शांतपणे म्हणाले, “यात नावेचा काई कसूर नाही.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काहीही बिघडलं की आधी नाव निर्दोष सुटायची. मग कधी वारा सापडायचा, कधी डांबर, कधी मी. धोंडे मात्र त्यांनी काढले नाहीत. “जरा जास्त धुरजड झाली” म्हणून मला तेवढं मागं बसवलं.

मग वळायची भानगड. नानांचा हात चाळीस वर्षं कासऱ्यावर बसलेला. डावा कासरा ओढला की बैल डावीकडे वळतात, हे त्यांच्या रक्तात. नावेचं नेमकं उलटं. डावं वल्हं ओढलं की ती उजवीकडे जायची. नाना डावं ओढायचे, नाव उजवीकडे जायची, ती चुकली म्हणून ते आणखी जोरानं डावं ओढायचे. असे आम्ही एकदा जागच्या जागी इतके फिरलो की मला माझा जुना लाँचचा प्रवास आठवला आणि मी काठाला लागेपर्यंत डोळे मिटून बसलो. नाना मधूनमधून नावेला “हो, हो, हो” करून थांबवायला बघत होते.

त्या फिरण्यात एके दिवशी आम्ही किसनच्या जाळ्यात शिरलो. किसन हा धरणावर मासे धरणारा भोई, एकटा माणूस, एकटाच डोंगा. सकाळपासून लावलेलं त्याचं जाळं आमच्या वल्ह्यांना, कडीला आणि नानांच्या एका वहाणेला गुंडाळलं गेलं. तो डोंगा घेऊन आला, आमच्याभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, “नाना, मासे असते तं तुमाले आज मोताळ्याच्या बाजारात इकलं असतं. आता तुमचं करू काय?”

“सोडव बे आधी,” नाना म्हणाले. “अन् जाळं इथं काऊन टाकून राह्यला तू?”

“मंग कुठं टाकू? तुमच्या वावरात?”

किसन सहज बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. कारण आम्ही होतो ते पाणी नानांच्याच वावरावरचं. दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः बसून जाळं शिवून दिलं आणि वर टोपलीभर मेथी दिली. त्या दिवसापासून किसन आमच्यावर लांबून लक्ष ठेवायला लागला. आमच्यापेक्षा त्याला जाळ्याची काळजी जास्त होती, पण आम्हाला आधार वाटायचा.

या सगळ्या बातम्या काकूंपर्यंत आमच्या आधी पोचायच्या. नाना ओलेचिंब घरी आले की त्या कोरडं धोतर पुढं करून एवढंच विचारायच्या, “गेली का सरळ?” नाना म्हणायचे, “जाईन, जाईन.” पण माझ्या लक्षात यायला लागलं होतं की फजितीगणिक त्यांचं ते ‘जाईन’ थोडं बारीक होत चाललंय. मला वाईट वाटायचं. कारण मी तज्ज्ञ नाही हे मी कबूल केलं असतं, तर त्यांनी किसनला विचारलं असतं आणि काकू कधीच विहिरीवर जाऊन आल्या असत्या.

सगळ्यात मोठी चूक झाली ती पुढच्या दिवाळीनंतर. नव्या जमिनीत गहू पेरला होता. कालव्याला पाणी सुटावं म्हणून गावातर्फे अर्ज लिहिला मी आणि त्यावर पहिली सही नानांची. पाणी सुटलं. नाना आठ दिवस रात्रंदिवस गव्हाला पाणी देत राहिले. नवव्या दिवशी आम्ही धरणावर गेलो आणि दोघेही उभेच राहिलो. पाण्यातल्या एका बाभळीला नानांनी नाव आखूड दोरानं करकचून बांधली होती. खालचं पाणी कालव्यातून त्यांच्याच गव्हात निघून गेलं होतं. नाव झाडाला नाकानं लटकली होती, तोंड आभाळाकडे आणि शेपूट चिखलात. पुढचे दोन्ही धोंडे घरंगळून मागं गेले होते.

नानांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, “मास्तर, आता मातर उलाळ झाली.”

आम्ही दोघं चिखलात बसून पोट धरधरून हसलो. पण हसणं थांबल्यावर ते म्हणाले, “ह्या जन्मी काई बसत नाही ती माह्या नावेत.” हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आणखी एका वर्षानं, संक्रांतीनंतर, माझी चिखलीला बदली झाली. हुकूम हातात आल्यावर मी आधी नानांकडे गेलो आणि ओसरीवर बसून सगळं कबूल केलं. मला नाव चालवता येत नाही, कधीच येत नव्हती, आमच्या गावातून समुद्र दिसतसुद्धा नाही. नाना वांग्यांची रोपं निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“माईत हाये मले. पहिल्याच दिशी समजलं. तुमी वल्हं उलटं धरलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय करू? माह्यासंगं दुसरं कोन बसत होतं?”

मी पुढं सरकून त्यांच्याबरोबर रोपं निवडायला लागलो. दाराआड काकू तीळगूळ बांधत होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी मी शेवटची फेरी मारायला धरणावर गेलो, तर नानांच्या मागून, भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन काकू येत होत्या. मान खाली, नजर पायवाटेवर. काठावर आल्यावर मात्र त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग नावेकडे आणि मग नावेच्या नाकाशी ठेवलेल्या दोन धोंड्यांकडे.

“हे काय हाये?”

“धुरजड पायजे ना,” नाना म्हणाले.

“कायले? बैल कुठं हायेत?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. दोन वर्षं एक मास्तर आणि एक बागाईतदार त्या धोंड्यांसह बुडत होते आणि आमच्यापैकी एकालाही बैल नसल्याचं लक्षात आलं नव्हतं. काकूंनी गाठोडं खाली ठेवलं, एकेक धोंडा उचलून पाण्यात टाकला आणि मग, बाजाराच्या गाडीत भाज्यांच्या डालींमध्ये बसायच्या तशा, नावेच्या मधोमध मांडी घालून बसल्या. नानांनी नावेला दोन थापा मारल्या.

नाव सरळ गेली. अगदी सुतासारखी. किसन लांबून डोंग्यात उभा राहून बघत होता.

पण विहीर कुठं होती, ते नानांना सापडेना. सगळीकडे सारखंच पाणी. ते म्हणायचे “इथं असन”, मग “नाही, थोडं पुढं”. काकू काही वेळ ऐकून घेत होत्या. मग त्यांनी हात वर केला. “महादेवाचा कळस उजव्या अंगाले येऊ द्या. टेकडीवरचा पळस डाव्या अंगाले. अजून थोडं. हां, थांबा. हेच.” तीस वर्षं पाणी शेंदताना रोज तो कळस आणि तो पळस त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

नानांनी दोन्ही हात जोडले. आणि दोन्ही हात जोडल्यावर दोन्ही वल्ही सुटली. आम्ही बघेपर्यंत ती वाऱ्यानं चांगली लांब गेली होती. नाना कसनुसं तोंड करून म्हणाले, “यात नावेचा…”

“माईत हाये,” काकू म्हणाल्या. “राहू द्या. आता कायची घाई हाये?”

त्यांनी पदर सावरला, कडेवरून हात खाली सोडला आणि मनगटापर्यंत पाण्यात धरून ठेवला. मग गाठोडं सोडलं. आम्ही तिघांनी त्या विहिरीवर बसून भाकरी, ठेचा आणि तीळगूळ खाल्ला. काकू बोलत होत्या. कुठल्या वाफ्यात काय होतं, रहाट कसा कुरकुरायचा, थोरल्या लेकीनं बादली कशी आत पाडली होती. नाना ऐकत होते. थोड्या वेळानं किसन आमची वल्ही घेऊन आला आणि म्हणाला, “ओढून नेऊ का काठावर?”

“थांब रे जरासा,” काकू म्हणाल्या. तो बिचारा तास-दीड तास थांबला.

मी चिखलीला गेलो, मग आणखी कुठं कुठं. नानांची पत्रं यायची, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. त्यात ‘नाव खुशाल आहे’ हे हमखास असायचं. पुढं पत्रं थांबली. नाना गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा जनाकाकू अंगणात होत्या. अंगणात तुळशीपलीकडे नाव होती. तिच्यात काठोकाठ माती भरली होती आणि मातीत मेथी तरारून आली होती.

“लोक म्हनत, सरपनाले फोडा,” काकू म्हणाल्या. “मी फोडू देली नाही.”

त्यांनी मला देण्यासाठी मेथीची जुडी उपटायला घेतली. मी पाहत होतो. नाव सपाट नव्हती. पुढून कलली होती आणि पुढच्या बाजूला मातीचा ढीग चांगला उंच होता. मी विचारलं, “काकू, पुढं माती जास्त झालीय का?”

काकूंनी जुडीची मुळं झटकली, माझ्या हातात दिली आणि नावेकडे न पाहता म्हणाल्या, “असू द्या, गुरुजी. धुरजडच आवडे त्यायले.”