रेघेच्या वर दोन हात

मिस्त्री कुणाच्याही जागेवर आले की आधी पुराची रेघ विचारत. दिशा, मुहूर्त सगळं नंतर. महाडात सावित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या भिंतींवर दिसतं. मिस्त्री त्या रेघेच्या वर दोन हात मोजत आणि सांगत, "जोतं इथपर. याच्या खाली मी बांधनार नाय."

ऐंशीच्या आसपास कारखाने येणार म्हणून गावाबाहेरच्या भातखाचरांचे प्लॉट पडले. ते आम्ही सात-आठ ऐपतदार घरांनी घेतले आणि सगळ्यांचे बंगले मिस्त्रींनीच बांधले. त्यांची बौद्धवाडी खाचरांच्या पलीकडे, उताराला होती. भरावाचे ट्रक येऊ लागले तेव्हा ते एकदाच म्हणाले, "वहिनी, पुराचं पानी पयलं या खाचरांत पसरायचं. आता ते आमच्याकडं येनार."

आमचे हे वकील. म्हणाले, "नगरपालिका गटार काढणार आहे, मिस्त्री." दुसऱ्या दिवशी मिस्त्री वेळेवर कामाला हजर. गावात दुसरं काम होतं कुठे?

चहा ते पायरीवर उभ्यानेच घेत. आत बोलावलं तर म्हणत, "पाय मातीचे हायत." ती फरशी त्यांनीच बसवलेली. आम्हीही फार आग्रह करत नसू.

दोन पावसाळ्यांनी पूर आला. आमच्या तिसऱ्या पायरीवर पाणी थांबलं. वाडीत ते कौलांना लागलं. गटार अजून कागदावरच होतं. मग आम्ही बंगलेवाल्यांनी अर्ज केला, की वस्ती धोक्यात आहे, ती हलवावी. त्या जागेतून आमचा रस्ताही सरळ निघणार होता, हे अर्जात नव्हतं. अर्जावर माझी सही आहे. काळजीपोटी केली, असं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

वाडीला पोलादपूरच्या वाटेवर, लांबच्या माळावर जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी मिस्त्री आले. मला वाटलं, अर्जाचं विचारतील. त्यांनी पायरीशेजारच्या भिंतीवरची चिखलाची रेघ थापीच्या टोकाने खोल कोरली.

"पुढं काय बांधलंत तं इथनं धरा, वहिनी."

"आत या ना, मिस्त्री."

"आता ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

घराला रंग काढला की रंगारी विचारतो, ही चीर बुजवू का? मी नको म्हणते. मिस्त्रींसाठी मी तेवढंच केलं.