कोनाड्यापलीकडची अक्का

लग्न होऊन मी वाडीत आले त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारी एक घर आलं. घर आलं असंच म्हणायला हवं, कारण माणसं मागून चालत आली. आधी बैलगाड्यांतून खांब आले, तुळया आल्या, वासे आले, उंबरा आला. खालच्या खोऱ्यात धरणाची भिंत वाढवली होती. पाणी आता आधीपेक्षा पुष्कळ वर चढणार होतं आणि काठावरच्या गावांना उठायला सांगितलं होतं. ज्याचा जिथं सोयरा तिथं तो गेला. या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. तो गृहस्थ माझ्या सासऱ्यांचा जुना सोबती, दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली. सासऱ्यांनी आमच्या घराला लागून असलेली मोकळी जागा त्यांना दिली आणि म्हणाले, “भिंत आमचीच वापरा. एक भिंत वाचंल तुमची.”

आमची वाडी भोराहून वेल्ह्याकडं जाताना डोंगराच्या वळचणीला होती. मोजकी घरं, खाली भाताची खाचरं, वर धनगरांचे वाडे. माझं माहेर उत्रोलीचं, चुलत्यांनी, बहिणींनी भरलेलं. सासरी सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे आणि आमचे हे सकाळी रानात गेले की घरात मी एकटीच. त्यामुळं शेजार आला याचा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

घर उभं करायला सगळी वाडी आली. पुरुषांनी चर खणले, बायकांनी माती तुडवली, मी सगळ्यांसाठी भाकऱ्या थापत होते. शेजारणीला मी काकी म्हणू लागले. सडपातळ, उंच, फार न बोलणारी बाई. पण कुठला खांब कुठं जायचा हे तिच्या मनात पक्कं होतं. सुतार म्हणाला, “हा खांब तडकलाय, माजघरात नको, गोठ्यात घालू.” काकी म्हणाली, “माजघरातलाच हाय तो.” आणि तो माजघरातच उभा राहिला. चूल जुन्या घरात होती तिथंच, जातंही तिथंच, दारही उगवतीला. वारा त्या बाजूनं धूर आत आणतो असं सगळे सांगत होते तरी.

मग ती आमच्या सामायिक भिंतीशी आली आणि सासऱ्यांना म्हणाली, “भाऊजी, हितं एक आरपार कोनाडा पायजे.”

सासरे हसले. “भिंतीला भोक कशाला? हाक मारली तर ऐकू येतंया की.”

“तिकडं व्हता,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी पहार हातात घेतली. भिंतीतले दगड काढले, कडा शेणामातीनं लिंपून गुळगुळीत केल्या. माझ्या छातीएवढ्या उंचीवर दोन्ही घरांमध्ये एक चौकोन झाला. त्यातून वाटी जाईल, विस्तव जाईल, हात जाईल. चेहरा मात्र वाकून पाहिल्याशिवाय दिसायचा नाही. पहिल्याच दिवशी तिकडून ताकाचा गडू आला. मी इकडून वांग्याचं कालवण दिलं. मला ते फार आवडलं. एकटीच्या घरात भिंतीतून माणसाचा हात येतो, हे सुखच होतं.

पावसाळ्यात पाणी चढलं. आमच्या उतारावरून खालचं खोरं दिसायचं. आधी नदी रुंद झाली, मग नदी राहिलीच नाही, नुसतं पाणी. काकी ते बघायला कधी बाहेर आली नाही.

दसरा झाल्यावर शिवऱ्याहून एक माणूस त्यांच्याकडं आला. ओट्यावर बसला, काहीतरी सांगितलं, पाणी प्यायला आणि गेला. काकी रडली नाही. तिनं त्या दुपारी सगळं घर सारवून काढलं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा कोनाड्यातून हाक आली.

“अक्का, झालं का गं निवडून?”

मला वाटलं तिच्याकडं कुणी पाहुणी आली असेल. मी निवडतच राहिले. परत हाक आली, “अक्का?” मी उठून वाकून पाहिलं. पलीकडं काकी एकटीच उभी होती, हातात वाटी, नजर माझ्याकडं. माझं वय तेव्हा एकोणीसही नसेल. ती माझ्या आईच्या वयाची.

“व्हय,” मी म्हणाले.

संध्याकाळी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “तिकडची शेजारीण व्हती तिची. अक्का म्हनायची तिला. विधवा बाई. शिवऱ्याला भावाकडं वारली म्हनं, तेच सांगाया आलता तो माणूस. तू हां-हूं करत जा, पोरी. दुःख हाय, निवळंल.”

मी हां-हूं करू लागले. पण निवळलं नाही. समोरासमोर भेटली, पाणवठ्यावर भेटली, की काकी मला सूनबाईच म्हणायची. कोनाड्याशी मात्र मी अक्का. बाहेर जेमतेम बोलणारी बाई तिथं मोकळी व्हायची. अक्काला हरभऱ्याची भाजी बाधते, अक्काचा एकुलता मुलगा तापानं गेला, अक्का पाण्याला भिते, नदी पार करताना नेहमी काकीचा पदर धरते, हे सगळं मला हळूहळू कळत गेलं. मी उत्तरं देत गेले आणि ती बरोबर येत गेली. “यंदा हरभरा खुडायचा का गं?” तिनं विचारलं, तर मी म्हणाले, “तूच खुड, मला बाधतो.” ती खुदकन हसली. ते हसू ऐकून मला बरं वाटलं, आणि नंतर चुलीपुढं बसले तर अंगावर काटा आला. कारण तेव्हाचा आवाज माझा नव्हता. जरा जाड, संथ, थकलेला असा आवाज मी कधी काढायला लागले ते माझं मलाच कळलं नव्हतं. त्या वर्षी घरात हरभऱ्याची भाजी झाली तेव्हा मी खरोखरच ती पानात घेतली नाही.

एकदा दुपारी मी वैरणीचा भारा घेऊन ओढ्याकडून आले. दाराला बाहेरून कडी होती. आत कुणी असणं शक्य नव्हतं. भारा टाकून कडी काढणार तोच आतून, म्हणजे कोनाड्यातून, काकीचा आवाज आला. ती बोलत होती. मधे थांबत होती, जशी माणसं दुसऱ्याचं ऐकून घ्यायला थांबतात, आणि मग पुन्हा बोलत होती. “मग? … अगं मग त्यांनी काय केलं? … आगं बाई!” मी उन्हात तशीच उभी राहिले. आमच्या घरातून उत्तर ऐकू येत नव्हतं. पण थांबण्याची जागा इतकी अचूक होती, की उत्तर येत नाही असं मला शपथेवर सांगता आलं नसतं.

मी आत गेले तेव्हा ती म्हणाली, “दमलीस जणू. लई बोललीस आज.”

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगायची कशी? आमचे हे हसले असते.

वैशाखात आई मला भेटायला आली. उत्रोलीहून भोरापर्यंत गाडीनं आणि पुढं चालत, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. दुपारी आम्ही दोघी बसलो होतो. आई माझे केस विंचरत होती. कोनाड्यातून हाक आली आणि मी केस तसेच सोडून उठले. भिंतीशी जाऊन बोलले. पाण्याचं, पापडांचं, काकीच्या जुन्या गावच्या कुणाच्या तरी लग्नाचं, ज्या लग्नाला मी कधी गेलेच नव्हते. परत येऊन बसले तर आईच्या हातात फणी तशीच होती.

“कुनाच्या आवाजात बोलत व्हतीस?” तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. कडी लावलेल्या घराचंही सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि सरळ उठून शेजारी गेली. काकी पाण्याला गेली होती. ओट्यावर तिचा नवरा दोर वळत बसला होता. आई भांडायलाच गेली होती. म्हणाली, “माझ्या लेकीला अजून पोरबाळ व्हायचंय. तिच्या अंगात मेलेली बाई कशापायी घालता?”

म्हाताऱ्यानं दोर खाली ठेवला. मी आईच्या मागं उभी होते, तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांच्याकडं एकच गाडी होती, बाकीच्या दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या आणि लगेच परत द्यायच्या. काकीनं अक्काला सांगितलं होतं, “आधी आमचं लाकूड टाकून येतो, दुसऱ्या खेपेला तुला आणतो. आमच्यापाशीच राहा.” अक्का गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसली. इकडं आल्यावर म्हाताऱ्याला ताप भरला. बैलही दमले होते. मग घर उभं करायची घाई, पाऊस तोंडावर. खेप राहिली. अक्का उंबऱ्यावर वाट बघत होती. शेजारपाजारचे उठून गेले तरी हलेना, म्हणाली, गाडी येतीया. शेवटी शिवऱ्याहून भाऊ आला आणि हाताला धरून घेऊन गेला. तिथं ती पावसाळ्यात गेली.

“त्या मानसानं आमास्नी तेवढंच सांगितलं,” म्हातारा म्हणाला. “जीव जाताना म्हनत व्हती, गाडी आली तर सांगा, मी हितं हाय.”

आई ओट्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, “तुमचं गाव उघडं पडलंय का आता?”

पाणी उतरलं होतं. उन्हाळ्यात धरणातलं पाणी खाली सोडतात, तेव्हा वरच्या अंगाची गावं उघडी पडतात, हे आम्हाला तेव्हा नवीन होतं. आईनंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो: म्हातारा, काकी, आई आणि मी. काकी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती लुगडं बदलून दारात उभी होती.

खाली उतरलो. काठाचं गवत संपलं आणि तडकलेला गाळ सुरू झाला. झाडांचे बुंधे काळे पडून उभे होते. देवळाची जागा रिकामी होती, देव वर नेलेला. गल्ली ओळखू येत होती, कारण दोन्ही बाजूंनी जोती होती. गाळानं लिंपलेली, नुकतीच सारवल्यासारखी साफ. कुठं माणूस नाही, कुत्रं नाही. लांब पाण्याच्या कडेला बगळे होते. मला सारखं वाटत होतं, की मी इथं आलेली आहे. पुढं डावीकडं गुरांना पाणी पाजायची दगडी डोण असणार असं मनात आलं आणि ती होती. काकीनंच कधीतरी कोनाड्यातून सांगितलं असणार. तसंच असणार.

काकी तिच्या जोत्यावर चढली. जिथं माजघर होतं तिथं गेली. शेजारी खेटून दुसरं जोतं होतं. मधली भिंत गुडघ्याएवढी उरलेली. ती त्या भिंतीपाशी थांबली, हात तिनं हवेत छातीच्या उंचीवर धरला आणि हाक मारली.

“अक्का!”

माझे ओठ हलले. जाड आवाज घशापर्यंत आला होता. आईनं माझा दंड इतका घट्ट दाबला की तो विझला.

“अक्का, गाडी आणली न्हाई गं म्या.”

म्हातारा पाठ करून उभा होता. मग आईनं माझा दंड सोडला. ती अक्काच्या जोत्यावर चढली, चप्पल उंबऱ्याच्या जागेबाहेर काढून. भिंतीच्या पलीकडं जाऊन काकीच्या समोर उभी राहिली. काल भांडायला गेलेली माझी आई.

“म्या वाट बघून बघून गेले,” आई म्हणाली. तिच्याच आवाजात, आवाज न बदलता. “भाऊ आला, त्याच्यासंगं गेले. आता हितं माझं काय न्हाई. तूबी नगं येऊस. जा घरला. आणि पोरीला हाक मारू नगंस. ती तिच्या घरची हाय.”

काकीनं तिच्याकडं पाहिलं. ही कोण आहे हे तिला कळत होतं, याची मला खात्री आहे. तरी तिनं विचारलं, “रागावलीस?”

“रागावले व्हते,” आई म्हणाली. “आता न्हाई.”

काकी खाली बसली आणि गाळात दोन्ही हात टेकून रडली. दसऱ्यापासून साचलेलं रडणं ते. आई भिंत ओलांडून तिच्याजवळ बसली नाही. तिकडंच उभी राहिली, तिचं रडून होईपर्यंत.

त्यानंतर काकीनं मला कधी अक्का म्हटलं नाही. विस्तव मागायचा झाला तरी ती दारातून फिरून यायची आणि सूनबाई म्हणायची. पुढं माझी बाळंतपणं तिनंच केली. सासरे गेले, तिचा नवराही गेला, ती मात्र खूप जगली. या सगळ्यात मला बरंच वाटायला हवं होतं. पण कधीकधी भर दुपारी घरात एकटी असले, की मला ती हाक यावीशी वाटायची. कुणीतरी आपल्याला इतक्या वर्षांच्या ओळखीनं हाक मारतंय, ही सवय सुटायला फार वेळ लागला. माझं स्वतःचं नाव मला बरेच दिवस कमी वाटत होतं.

त्या वैशाखात आईला गाडीत बसवून द्यायला मी भोरापर्यंत गेले होते. वाटेत मी तिला विचारलं, “तुला भ्या न्हाई वाटलं, तिथं चढून बोलायचं?”

आई म्हणाली, “कुणीतरी बोलायला पायजेच व्हतं. तुला बोलू दिलं असतं तर तू तिथंच ऱ्हायली असतीस.” मग पुढचा चढ संपल्यावर म्हणाली, “पर चढल्यावर मला उतरू वाटंना गं. त्या जागी उभी ऱ्हायले आणि लई इसावा वाटला. जणू लई दिवसांनी घरी आले.”

पुढल्या दिवाळीपासून आई आमच्याकडं आली, की काकी तिच्यासाठी नवे तांदूळ बांधून द्यायची. आईच्या घरी भाताला तोटा नव्हता. उत्रोलीचं खाचर आमचं, पोतीच्या पोती. तरी आई ते घ्यायची, आणि माझ्या धाकट्या भावाची बायको सांगायची, की आई ते तांदूळ बाकीच्यांत कधी मिसळत नाहीत. वेगळ्या मडक्यात ठेवतात, एकट्याच शिजवतात. आणि त्या दिवशी जेवताना, कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली तरी, ओ देत नाहीत.