जळका कापूस आणि माझी प्रोबेत्साइट

आमच्या लॅबमधले किस्से आता इतके साचलेत, की एक सांगायला घेतला तर बाकीचे रांग लावून उभे राहतात. जर्मनीत बॉनजवळच्या या लॅबमध्ये आम्ही ई-सिगारेटी तपासतो. आतला कापूस लिक्विड शोषून तापलेल्या तारेपर्यंत नेतो. हळू नेलं तर कापूस जळतो, भराभर नेलं तर गळती! एवढ्याशा बोळ्यावर माझी प्रोबेत्साइट अडकली होती. सहा महिन्यांच्या त्या उमेदवारीतले तीनच आठवडे उरले होते, आणि माझं प्रत्येक सँपल जळत होतं.

*

आमचे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, वेबर. जानेवारीतही रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडणार. "ताजी हवा!" लिक्विड गारठून काकवीसारखं व्हायचं, वर चढायचंच नाही. वैतागून मी एकदा खिडकी लावली आणि बाटली हीटरवर ठेवली. तर ते इतकं पातळ झालं, की सँपलमधून गळून थेट वेबरसाहेबांच्या फायलींवर!

"आल्झो, तर मग," ते शांतपणे म्हणाले, "खिडकी उघडी ठेवायला हवी होती."

*

माझ्या शेजारी बसणारी उटा. "लिक्विड भरल्यावर दहा मिनिटं मुरू दे, मग झुरके ओढणारं मशीन लाव," हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. एकदा तिने बाराला पाच कमी असताना भरलं आणि लगेच मशीन लावलं. कापसाचा कोळसा!

"अगं, दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं?"

"बारा वाजता माझी मिटाग्सपाउझ असते. जेवायचं कधी?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

एकदा ग्राहक कंपनीचे मॅनेजर आले. "दोन झुरक्यांमध्ये अर्धं मिनिट थांबा, कापूस पुन्हा भिजू द्या," मी विनवलं.

"आमची गिऱ्हाइकं थांबत नाहीत!" म्हणत त्यांनी सलग सात झुरके ओढले. आठव्याला ठसका, डोळ्यांत पाणी. जाताना अभिप्राय लिहून गेले, "लॅबमध्ये धूर फार."

*

शेवटच्या चाचणीआधी, कापूस भरायचा जरा सराव करावा म्हणून कापसाचं पाकीट घरी आणलं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत त्या कापसाच्या देवापुढच्या दिव्यासाठी वाती वळून टाकल्या. सगळ्या पाकिटाच्या!

"अहो जावईबापू, छान आहे हो कापूस. अजून आणा."

मी रडायचाच बाकी होतो. सकाळी नाइलाजाने त्या वातीच सँपलमध्ये घातल्या.

शंभर झुरके झाले. एकही जळली नाही!

वेबरसाहेबांनी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर गाठलं. दुभाषा मी.

"किती घट्ट वळता? आकडा सांगा."

"आकडा कसला मेला! बोटांना कळतं. तेल चढत राहिलं की तेल जळतं, वात नाही. वात जळली तर वळणारीचा हात चुकला."

साहेबांनी हे जसंच्या तसं रिपोर्टात उतरवलं.

शुक्रवारी धीर करून त्यांच्या केबिनमध्ये गेलो. "माझ्या प्रोबेत्साइटचं काय ठरलं?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, तेच बोलायचं होतं," ते म्हणाले. "सासूबाईंचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"