चेहऱ्यावरचा निळा

आमच्या पाचोडची सुलेखा संगणकाला कामाला लावते, हे मी, तिचा शेजारी, बाजारात छाती काढून सांगतो. वाळूजच्या एका लहान कारखान्यात ती सुटे भाग तपासणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम बघते. तिचे वडील मोतीराम तिथंच हमाल होते. उन्हाळ्यात गावी आले, गंजीतून कडबा ओढताना नाग चावला, आणि शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंग निळं पडून ते गेले.

त्यांच्या स्मरणाच्या पुण्यानुमोदन विधीला फोटो हवा होता. त्यांची बायको भामाबाई आधार कार्डावरचा फोटो लावू देईनात.

“चोर धरून आणल्यागत दिसतात त्यात. मला जिता माणूस दाखव.”

सुलेखाला आठवलं. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी नवा कॅमेरा बसवला, तेव्हा चाचणीसाठी तिनं वडिलांना, आबांनाच समोर उभं केलं होतं. सायकलला लावायचा निळा झेंडा त्यांच्या हातातच होता. कॅमेऱ्यानं टिपलेलं शिल्लक होतं. पण तो फोटो नव्हता, नुसते आकडे होते. एकेका ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, एवढंच. ते आकडे ओळीनं मांडून चित्र दाखवणारी खिडकी, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिला स्वतः लिहावी लागली.

रविवारी मी भामाबाईंना घेऊन तिच्या खोलीवर गेलो. पडद्यावर आधी तिरके पट्टे आले, वाऱ्यानं ज्वारी लोळवावी तसे.

“ह्यो व्हय तुझा बाप?”

“थांब गं आये. ओळीची लांबी चुकली.”

तिनं एक आकडा बदलला. पट्टे सरळ झाले आणि मोतीराम समोर उभे राहिले. तीच मिशी, खांद्यावर तोच गमजा. पण चेहरा निळा. ओठ निळे. झेंडा धरलेली बोटंही निळी.

भामाबाई ओरडल्या नाहीत. सरकत सरकत भिंतीला टेकल्या.

“दवाखान्यात असेच व्हते,” त्या पुटपुटल्या. “हेच दाखवायला आणलं का मला?”

सुलेखाची नजर पडद्यावरच्या आबांच्या हातावर गेली.

“भाऊ, झेंडा बघा. लाल दिसतोय. आपला झेंडा लाल कसा असंल?”

कॅमेरा निळा आधी सांगत होता, आणि खिडकी त्यालाच लाल समजून घेत होती. तिनं लाल-निळ्याच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली.

चेहऱ्यावरचा निळा उतरला आणि झेंड्यात जाऊन बसला. मोतीराम सावळे झाले. उन्हानं रापलेले, गालातल्या गालात हसणारे.

भामाबाई उठल्या. त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला.

“उतरलं. नागाचं इख उतरलं गं!” मग लेकीकडं वळून त्यांनी विचारलं, “एवढंच व्हतं, तर तवाच का नाय उतरवलंस?”

सुलेखानं तो फोटो छापायला घेतला.

पुण्यानुमोदनाला तोच फोटो लागला. बुद्धवंदना चालली होती, सगळ्यांचे हात जोडलेले होते. भामाबाईंचं ध्यान मात्र त्या ओठांवर होतं, निळा परत चढतो की काय म्हणून.